रानांतून कड्याकडे

दिवाळीची सुटी जवळ आली कीं आमच्या वाचकांच्या घरोघरीं थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याचे बेत सुरू होतात. उतरावयाचें कोठें, बरोबर फराळाचें काय न्यावयाचें, आजींना घोडा मानवेल कीं नाहीं, या प्रश्नांचा खल आठ आठ दिवस चालतो. पण डोंगरावर पोंचल्यावर पाहावयाचें काय आणि तें कोठून, याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, मंडळी चार दिवस दाट झाडीच्या सावलींत हिंडतात, बाजारांतून चिक्की आणि चपला घेतात, आणि परतल्यावर "हवा छान होती, पण पाहण्यासारखें फारसें कांहीं दिसलें नाहीं," अशी तक्रार करतात. या तक्रारींत डोंगराचा दोष नाहीं. घनदाट रान असलेल्या माथ्यावर दृश्य आपण होऊन समोर येत नाहीं. तें शोधावें लागतें, आणि शोधण्याची कांहीं एक रीत आहे. ती रीत या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. उदाहरणासाठीं माथेरान घेतलें आहे. कारण तें मुंबई-पुण्याच्या मंडळींस जवळचें आहे, आणि त्याच्या नांवांतच 'माथा' व 'रान' हे दोन्ही शब्द ऐकूं येतात.

जितकें उंच चढावें तितकें दूरचें दिसतें, ही समजूत उघड्याबोडक्या डोंगरापुरती खरी आहे. गणितानेंहि ती खरी ठरते. आपल्या उंचीचे जितके मीटर, त्यांचें वर्गमूळ काढून त्यास सुमारें साडेतीननें गुणलें म्हणजे क्षितिज किती किलोमीटरांवर आहे तें कळतें. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे. त्या हिशेबानें तेथून चहूंकडे जवळजवळ १०० किलोमीटरपर्यंत दृष्टि पोंचावयास हवी. परंतु हें गणित वाटेंतील जांभळीचें झाड जमेस धरीत नाहीं. दहा पावलांवर उभें असलेलें एक जांभळीचें झाड शंभर किलोमीटरांचा मुलूख सहज झांकून टाकतें. म्हणून रानाच्या डोंगरावर सर्वांत उंच जागेचा हट्ट धरूं नये. तेथें उंचीपेक्षां कांठाला अधिक मोल आहे. जमीन जेथें संपते तेथें झाडेंहि संपतात, आणि झाडें संपलीं कीं दृश्य सुरू होतें.

महाबळेश्वर पाहिलेल्यांस याचा प्रत्यय सहज येईल. तेथील सर्वांत उंच जागा म्हणजे विल्सन पॉइंट; ती १,४३९ मीटर उंच आहे. पण कृष्णेचें खोरें आणि धोम धरणाचें पसरलेलें पाणी डोळे भरून पाहावयाचें तर त्याहून खालच्या केट्स पॉइंटवर जावें लागतें; कारण तो पठाराच्या अगदीं कडेवर आहे.

आतां माथेरानकडे वळूं. या डोंगराचा आकार आधीं मनांत ठसवावा. मध्यें दक्षिणोत्तर पसरलेला एक लांबट मोठा भाग आहे. बाजार, वस्ती व रेल्वेचें स्टेशन त्यावरच आहेत. त्याच्या दोन्ही अंगांस, पक्ष्याच्या पंखांप्रमाणें, दोन अरुंद फांटे आहेत. पूर्वेकडील फांटा उत्तरेस पॅनोरामा पॉइंटपासून दक्षिणेस गारबट पॉइंटपर्यंत जातो. पश्चिमेकडील फांटा उत्तरेस पॉर्क्युपाइन पॉइंटपासून दक्षिणेस लुइझा पॉइंटपर्यंत जातो. मधल्या भागाचें दक्षिण टोक म्हणजे चौक पॉइंट. प्रसिद्ध जागा बहुतेक सर्व टोकांवर अगर कडांवरच आहेत. पोटांत एकहि नाहीं. ज्या मंडळींस कांहीं दिसत नाहीं, तीं बहुधा या पोटांतल्या रस्त्यांवरच फेऱ्या घालीत असतात.

हा आकार घरीं बसूनहि समजून घेतां येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांत समान उंचीच्या रेषा काढलेल्या असतात, लगतच्या दोन रेषांमध्यें २० मीटर उंचीचा फरक असतो. जेथें या रेषा एकमेकींपासून दूर आहेत तेथें जमीन सपाट. जेथें त्या दाटीनें एकमेकींस चिकटल्या आहेत तेथें कडा. माथ्यावरील विरळ रेषांचा प्रदेश जेथें एकाएकी दाट रेषांस येऊन भिडतो, आणि शिवाय नाकासारखा पुढें आलेला असतो, तेथें बोट ठेवावें. पुढें आलेल्या नाकावरून तीन बाजूंचें दिसतें. आंत वळलेल्या घळींतून केवळ समोरचें. भूगोलाच्या पुस्तकांत या रेषा पाठ करून कंटाळलेल्या मुलांस एके संध्याकाळीं असा नकाशा पुढ्यांत द्यावा, आणि 'उद्यां आपण कोठें उभें राहावें तें तुम्हीं शोधा' असें सांगावें. मुलांनीं शोधलेली जागा प्रवासांत सांपडली म्हणजे त्यांस होणारा आनंद मोठ्यांसहि पुरतो. हातांतील मोबाइलवर जो नकाशा असतो तो वाट दाखविण्यास उपयोगी आहे. परंतु वाटेशेजारीं पांच पावलांवर कडा तुटलेला आहे हें तो पुष्कळदां दाखवीत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.

प्रत्यक्ष रानांत शिरल्यावर नकाशाहूनहि जुन्या खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण उजेडाची. दाट रानांत उजेड वरून, पानांच्या फटींतून येतो. चालतां चालतां एखाद्या बाजूस झाडांच्या बुंध्यांमधून, आपल्या डोळ्यांच्या पातळीवर आभाळ चमकूं लागलें, तर त्या बाजूस जमीन संपत आली आहे असें समजावें. दुसरी खूण झाडांच्या अंगलटीची. पोटांतील जांभूळ, हिरडा, अंजनी हीं झाडें उंच व सरळ असतात. कडेकडे जावें तसतशीं तीं खुजीं होतात, आणि पश्चिमेचा वारा खाऊन एका अंगास झुकतात. तिसरी खूण पायांखालची. माथेरानच्या माथ्यावर जांभ्या दगडाचें आवरण आहे. त्यामुळेंच तेथील वाटा तांबड्या. कडेवर माती वाहून गेलेली असते, आणि उघडा खडक लागूं लागतो. खडकावर मोठें झाड धरत नाहीं. उतारावर कारवीची दाटी लागली कीं पठार सोडून आपण डोंगराच्या अंगावर आलों असें समजून तेथून मागें फिरावें. कारवीपुढें दृश्य नसतें, घसरण असते. चौथी खूण आवाजाची. रानांत वारा डोक्यावरून जातो. कडेवर तो खालून वर येतो, आणि त्याबरोबर खालच्या गांवांतील कुत्र्यांचें भुंकणें किंवा नेरळकडील आगगाडीची शिटीहि वर येते.

ओढ्याविषयीं मात्र स्वतंत्र सांगावयास हवें. पाणी नेहमीं कांठाकडेच जातें, म्हणून ओढ्याच्या कडेनें गेलें तर कडा सांपडणार, हें खरें. पण ओढा कड्याला मिळतो तेथें त्याचा धबधबा होतो. तेथील खडक शेवाळानें गुळगुळीत झालेला असतो, आणि घळीच्या दोन्ही भिंती आड येत असल्यामुळें दिसतेंहि थोडेंच. म्हणून ओढ्याचा उपयोग दिशा कळण्यापुरता करावा. कांठ जवळ आल्याची चाहूल लागतांच ओढा सोडून बाजूच्या उंचवट्यावर चढावें. तेथून खोरें तर दिसतेंच, शिवाय जो धबधबा जवळून नुसता ऐकूं आला असता, तो आपादमस्तक दिसतो.

या सर्व खुणांहून भरंवशाचा असा एक आधार आहे, तो म्हणजे तेथील माणूस. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे मे १८५० मध्यें पायथ्याच्या चौक गांवीं मुक्कामास असतां या डोंगरावर चढले आणि माथेरानचा 'शोध' लागला, असें पुस्तकांतून लिहिलेलें असतें. परंतु ठाकर, कातकरी आणि धनगर यांस तो डोंगर त्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. मध, लांकूडफांटा, गुरें आणि बाजारहाट यांसाठीं त्यांच्या पायांनीं ज्या वाटा पाडल्या, त्यांपैकीं कित्येकींवरच पुढें साहेबांच्या नांवांच्या पाट्या लागल्या. आजहि घोडेवाल्यास अगर हमालास 'पॉइंट दाखव' म्हटलें तर तो ठराविक पांच-सात जागा दाखवील. त्याऐवजीं 'तुमचें गांव कोणतें, आणि तें वरून कोठून दिसतें?' असें विचारून पाहावें. आपलें गांव दिसणारी जागा दाखवितांना माणूस निराळ्या उत्साहानें चालतो. त्याच्या वेळेचा मोबदला आधीं ठरवून, घासाघीस न करतां द्यावा. हें ज्ञान फुकट नाहीं.

जागा सांपडली तरी वेळ चुकली तर दृश्य हातचें जातें. सामान्य नियम असा कीं, सूर्य आपल्या पाठीशीं असावा. पूर्वेकडील कड्यावर भर सकाळीं उभें राहिल्यास ऊन डोळ्यांवर येतें आणि खालचें खोरें धुरकट दिसतें. तेंच खोरें दुपारीं चारच्या सुमारास पाहावें म्हणजे भाताचीं खाचरें, उल्हास नदीचीं वळणें आणि पलीकडील भीमाशंकरच्या रांगेच्या घड्या एकेक करून मोजतां येतात. पश्चिमेकडील प्रबळगड पाहावयाचा तर सकाळ चांगली. सूर्योदय आणि सूर्यास्त हीं रंगांचीं दृश्यें आहेत. त्यांसाठीं पॅनोरामा व पॉर्क्युपाइन या जागा प्रसिद्ध आहेतच. पण तेवढेंच पाहून परतणाऱ्यास रंग दिसतात, मुलूख दिसत नाहीं. ऋतूंचा विचार केला तर पाऊस सरल्यावरचे दिवस सर्वांत उत्तम. धूळ बसलेली असते, गवत अजून हिरवें असतें. वैशाखांत हवा धुरकटते. भर पावसांत धुकें पडदा टाकून बसतें. पण तें हलतेंहि. धुकें पाहून लगेच पाठ फिरवूं नये. अर्धा तास दगडावर बसून राहिल्यास वाऱ्याच्या एका झोतासरशीं पडदा सरतो, आणि दोन मिनिटें जें दिसतें तें स्वच्छ दिवसाच्या दोन तासांतहि दिसत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहिण्याचें आम्ही मुख्यतः मनावर घेतलें, तिच्याकडे येतों. दृश्य आणि दरी या एकाच जागेच्या दोन बाजू आहेत. जांभा दगड वरून भक्कम दिसला तरी कडेवर तो पुष्कळदां खालून पोखरलेला असतो. त्यावरील बारीक खडी पायांखालीं मण्यांसारखी घरंगळते. वाढलेलें गवत कांठ कोठें संपला तें कळूं देत नाहीं. म्हणून कांहीं नियम घरांतूनच ठरवून निघावें. कड्यावर उभें राहून नव्हे, तर बसून पाहावें. प्रत्येक लहान मुलाचा हात एका ठराविक मोठ्या माणसाच्या हातीं असावा. 'कोणी तरी पाहत असेल' या भरंवशावर मूल सोडूं नये, कारण एकत्र कुटुंबांत पुष्कळ माणसें असतात तेव्हांच हा घोटाळा होतो. छायाचित्रासाठीं दरीकडे पाठ करून एकहि पाऊल मागें टाकूं नये. कठडा हा टेकण्यासाठीं नसून थांबण्यासाठीं आहे. तो ओलांडून मिळणारें दृश्य अलीकडल्या दृश्याहून तिळभरहि मोठें नसतें. आणि अंधार पडण्यापूर्वीं वस्तीच्या वाटेस लागावें. रानांत संध्याकाळ लवकर होते.

दुसरी गोष्ट झाडांविषयींची. कांठावर आलों आणि नेमकी एक फांदी आड आली, म्हणजे 'एवढी तोडली तर काय होणार?' असें एखाद्याच्या मनांत येतें. होतें असें : फांदी तुटली कीं ऊन जमिनीपर्यंत पोंचतें, पाला सुकून उडून जातो, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसाळ्यांत कड्यावरून खालीं जाते. ज्या मुळांनीं तो कांठ आवळून धरला आहे तीं उघडीं पडतात. आणि कांहीं वर्षांनीं फांदीबरोबर ती उभी राहण्याची जागाहि नाहींशी होते. ज्या झाडांमुळें दृश्य झांकलें जातें त्याच झाडांमुळें दृश्याची जागा टिकून आहे, हें ओळखणें म्हणजे रान ओळखणें होय. शासनानें २००३ सालीं माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. खाजगी मोटारी आजहि दस्तुरीच्या पुढें नेतां येत नाहींत. त्या बंधनाचा कंटाळा करण्यापेक्षां त्याचे आभार मानावेत. आडवी आलेली फांदी असेल तर आपणच चार पावलें बाजूस सरावें. बहुधा तेवढ्यानें काम भागतें, आणि फांदीच्या महिरपींतून दिसणारा डोंगर उघड्या डोंगराहून अधिक शोभतो.

कांठावर बसल्यावर जें दिसतें त्यांतील जागा नांवानिशीं ओळखाव्यात, हेंहि आम्ही आग्रहानें सांगतों. नांव न घेतां पाहिलेला डोंगर चित्रासारखा विसरला जातो. उत्तरेस पेबचा किल्ला, पश्चिमेस प्रबळगड, दक्षिणेस इर्शाळगडाचा सुळका आणि मोरबे धरणाचें पाणी, हीं मुलांस बोटानें दाखवावींत. पूर्वेकडील सह्याद्रीच्या रांगेंत ईशान्येच्या अंगास सिद्धगड आहे. १९१२ सालीं याच माथेरानांत जन्मलेले भाई कोतवाल हे हिराजी पाटील यांच्यासह २ जानेवारी १९४३ रोजीं त्या सिद्धगडाच्या रानांत इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले, ही गोष्ट ती दिशा दाखवूनच सांगावी. आणि इर्शाळगडाकडे पाहतांना हेंहि सांगावें कीं, १९ जुलै २०२३ च्या रात्रीं, धो धो पावसांत, त्याच्या अंगावरील इर्शाळवाडी ह्या ठाकरांच्या वस्तीवर दरड कोसळली आणि झोंपेंतलीं कुटुंबेंच्या कुटुंबें मातीखालीं गेलीं. वरून जो हिरवा उतार मनोहर दिसतो, तो खालीं राहणाऱ्यांचा संसार आहे. हें कळल्यानें दृश्याची गोडी कमी होत नाहीं. पाहणाऱ्याची दृष्टि मात्र मोठी होते.

शेवटीं घरांतील एका व्यवस्थेविषयीं. आम्ही अशीं अनेक कुटुंबें पाहतों कीं ज्यांतील पुरुष आणि तरुण मुलें सर्व पॉइंट पाहून येतात. आणि घरची सून, जिनें पहांटे उठून सर्वांचे डबे भरलेले असतात, ती लहानग्यास मांडीवर घेऊन बंगल्याच्या ओट्यावर बसलेली असते. तिला माथेरान म्हणजे एक निराळें स्वयंपाकघर, एवढेंच आठवतें. वृद्धांचीहि तीच स्थिति : 'तुम्हांला कशाला ती दगदग?' असें म्हणून त्यांस मागें ठेवतात, आणि त्या विचारण्यास उत्तर देण्याचा प्रघात नाहीं. वास्तविक वरची रीत अवलंबिली तर सर्वांच्या पायांस झेपेल अशी एखादी कड्याकडची जागा वस्तीपासून फार दूर नसते. एक दिवस मुद्दाम असा ठेवावा कीं त्या दिवशीं चूल पेटणार नाहीं. लहानग्यास काकांनीं अगर आजोबांनीं सांभाळावें. ज्यांस चालवत नाहीं त्यांस घोड्यावरून अगर जें वाहन मिळेल त्यानें नेतां येईल तेथवर न्यावें, आणि पुढील पन्नास पावलें हात धरून चालवावें. सासूबाई आणि सूनबाई एकाच दगडावर शेजारीं बसून समोरचा मुलूख पाहताहेत, असा एक तास ज्या सुटींत आला ती सुटी सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.

तेव्हां यंदा डोंगरावर जाणाऱ्या मंडळींनीं सामानाच्या यादींत एक नकाशा, एक शिटी, पाण्याची बाटली आणि पायांत घट्ट बसणारीं पायताणें यांची भर घालावी. दिवसाला एकच जागा ठरवावी, पण तेथें निदान तासभर बसावें. सात पॉइंट पाहून आल्याचें सांगणाऱ्यांपेक्षां एका कड्यावरून सात गांवांचीं नांवें सांगूं शकणाऱ्यानें डोंगर अधिक पाहिला, असें आमचें मत आहे.